दारू होती म्हणून गाणी होती? शेन मॅकगोवनबद्दल हे मला ऐकवत नाही

रानजाई:

लंडनच्या पोग्ज बँडचा गायक आणि गीतकार शेन मॅकगोवन ३० नोव्हेंबर २०२३ ला गेला. तेव्हापासून काही लिहावंसं वाटत नव्हतं, पण बेभान यांची परवाची पोस्ट वाचून राहवलं नाही. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मथळा "राजासारखा जगला", आणि खाली, शेन पासष्ट वर्षं मनासारखा प्यायला, डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून जगला, दारू होती म्हणूनच ती गाणी होती, तेव्हा रडारड नको, आज त्याच्या नावाने एकेक पेग भरा. खाली ग्लासांच्या चित्रांची ही रांग.

मला याचा राग आला. सोवळं म्हणून नव्हे. त्या माणसाने केलेलं काम या पोस्टमध्ये कुठेच नाही म्हणून.

'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' हे त्याचं नाताळचं गाणं घ्या, निदान तेवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ते काय एका रात्रीत बाटलीतून सांडलं? १९८५ साली सुरू झालं, १९८७ च्या नाताळाच्या तोंडावर बाजारात आलं. बँडमधल्या जेम फायनरच्या पहिल्या खर्ड्यात एक खलाशी होता. फायनरच्या बायकोला ते भाबडं वाटलं, मग त्याचं नाताळात भांडणारं जोडपं झालं. केट ओ'रिअर्डनला घेऊन करून पाहिलं, ती बँड सोडून गेली. कर्स्टी मॅकॉल तर योगायोगाने आली. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट तिचा नवरा, त्याने घरी नुसता नमुना म्हणून तिचा आवाज घेतला, आणि तो ऐकल्यावर दुसरी गायिका शोधायचं कारणच उरलं नाही. या सगळ्यात शेन शब्द खोडतोय, पुन्हा लिहितोय. गाणं सुरू केलं तेव्हा त्याने न्यूयॉर्क पाहिलंसुद्धा नव्हतं. दोन वर्षं एका गाण्याला. ही चिकाटी आहे हो, झिंग नाही.

आता सनावळी बघा. पोग्जचे तीन मोठे अल्बम १९८४, १९८५ आणि १९८८ चे. म्हणजे तिशी गाठेपर्यंतचे. १९८८ मध्ये बॉब डिलनच्या अमेरिकेतल्या कार्यक्रमांना बाकीचा बँड गेला, हा जाऊ शकला नाही. १९९१ मध्ये जपानच्या दौऱ्यात त्याच्याच बँडने त्याला काढून टाकलं. नंतर पोप्स या नव्या बँडबरोबर १९९४ आणि १९९७ चे दोन अल्बम. आणि तिथून मरेपर्यंत, सव्वीस वर्षं, नव्या गाण्यांचा एकही नाही. दारू गाणी लिहीत असती तर ही सव्वीस वर्षं सगळ्यांत भरघोस जायला हवी होती, कारण पिणं तेव्हा काही थांबलेलं नव्हतं. मी रडतेय ती त्या सव्वीस वर्षांसाठी. पेग तुमचा तुम्ही भरा.

बेभान:

रानजाई ताई, पोस्ट माझी आहे, उत्तरही मीच देतो.

तुम्ही त्याला साडेनऊ ते साडेपाचचा कारकून करून टाकलात. खर्डे, दुरुस्त्या, मुदती. सगळं खरं असेल, पण ज्यावर लिहिलं ते कुठून आलं? 'सॅली मॅक्लेनन' मधला तो दारूचा गुत्ता, 'द ओल्ड मेन ड्रॅग' मधली लंडनच्या फुटपाथवर झिजलेली पोरं, हे ग्रंथालयात बसून सुचत नाही. त्याने स्वतः कितीदा सांगितलंय, आयर्लंडातल्या टिपररीत मावश्या-मामांच्या घरी पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्याला काळी बिअर मिळायची. सतरा-अठराव्या वर्षी तो मनोरुग्णालयात राहून आला आणि बाहेर पडल्या पडल्या त्याने सेक्स पिस्टल्स हा पंक बँड पाहिला. तिथून सगळं सुरू. 'स्ट्रीम्स ऑफ व्हिस्की' त्याने लिहिलं ते आयरिश लेखक ब्रेंडन बीहानला स्वप्नात भेटवून. बीहान १९६४ साली एक्केचाळिसाव्या वर्षी दारूनेच गेला. शेनला हे माहीत नव्हतं? माहीत असूनच तो त्या रांगेत उभा राहिला. दारू वजा करून शेन मागायचा हा लोभ आहे.

मी कॉलेजात बास वाजवायचो. फोर्टच्या फुटपाथवर १९८८ च्या अल्बमची कॅसेट मिळाली होती, टेप पार घासून जाईपर्यंत ऐकली. आमच्यातल्या कुणालाही आयर्लंड नकाशावर धड दाखवता आलं नसतं. पण 'हा आपल्यासारखा दिसतो' एवढं कळलं. दात पडलेले, शर्ट बाहेर, माइकला लोंबकळलेला. त्या काळच्या गुळगुळीत पॉपमध्ये हे दिसणंच एक विधान होतं. ते तुम्ही धुऊन इस्त्री करून दाखवू नका.

नर्मदा:

मला दोघांचंही पटत नाही, बेभान यांचं तर अजिबातच नाही.

माझा धाकटा भाऊ तबला वाजवायचा. आमच्या गावात गणपतीत, लग्नांत, भजनात सगळीकडे तोच. "दोन घेतल्या की याचा हात खुलतो" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं. म्हणणारे सगळे चांगले रसिक लोक होते. कार्यक्रम संपला की तेच त्याच्या हातात ग्लास द्यायचे, कौतुक म्हणून. मानधन मात्र पुढच्या महिन्यात. शेवटची दोन-तीन वर्षं हात इतका थरथरायचा की तबल्याच्या पुडीवर शाई लावायला बसला तर काळं वर्तुळ नीट रेखता येत नसे. तेव्हा त्या रसिकांपैकी एकजण घरी फिरकला नाही. यकृत गेलं, मग तो गेला. तेराव्याला मात्र सगळे आले आणि काय वाजवायचा, काय वाजवायचा म्हणून जेवून गेले.

म्हणून "त्याच्या नावाने पेग" वाचलं की माझं डोकं फिरतं. शेनच्या आसपास इतके मोठमोठे लोक होते, पण धाडस केलं एकीने. आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरने १९९९ साली त्याच्या हेरॉइनबद्दल सरळ पोलिसांत कळवलं. तो भडकला होता. पुढे त्यानेच मान्य केलं की त्यामुळे आपण त्यातून सुटलो. ती स्वतः जुलै २०२३ मध्ये गेली. तिला तेव्हा लोकांनी भांडखोर म्हटलं, वेडी म्हटलं. मित्राचा जीव वाचवणारी वेडी आणि ग्लास भरून देणारे रसिक. बघा तुम्हीच.

बेभान:

नर्मदाताई, भावाबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण शिनेडने तक्रार केली ती हेरॉइनची, दारूची नव्हे. शेन हेरॉइनमधून सुटला आणि पुढे वीसहून जास्त वर्षं जगला, पीतच जगला. दोन्ही एका मापाने मोजू नका.

नर्मदा:

हो, जगला. २०१५ मध्ये पडून कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. डिसेंबर २०२२ मध्ये मेंदूला सूज आल्याचं निदान झालं, शेवटचे कित्येक महिने रुग्णालयात. तुमच्या पोस्टमध्ये हे कुठे दिसलं नाही मला, "राजासारखा" तेवढं दिसलं. त्याची बायको व्हिक्टोरिया रुग्णालयातून फोटो टाकत होती ते पाहिलेत का तुम्ही? मी पाहिले. खाटेजवळच्या खुर्चीत बसणाऱ्याची बाजू मला ठाऊक आहे.

कोकणकडा:

चर्चा चांगली चाललीय, पण एक मूळ प्रश्न कुणीच विचारत नाहीये. हा माणूस आयरिश कसा? जन्म २५ डिसेंबर १९५७, पेंबरी, केंट. म्हणजे इंग्लंड. शिष्यवृत्तीवर लंडनच्या वेस्टमिन्स्टर स्कूलमध्ये, जिथे इंग्लंडातले सगळे साहेब घडतात. अमली पदार्थ सापडले म्हणून काढलं ते वेगळं. बँड लंडनमध्ये, किंग्ज क्रॉसला, १९८२ साली. बोलणं लंडनचं. आणि गाणी मात्र आयर्लंडच्या शॅनन नदीची, परदेशी निघालेल्या जहाजांची. जे भोगलं नाही त्याचं दुःख गाणं याला मी तरी उसनवारी म्हणतो. वर २०२० च्या माहितीपटात म्हणतो की आयआरएमध्ये, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून ब्रिटिशांना हाकलू पाहणाऱ्या सशस्त्र संघटनेत, सामील व्हायची हिंमत झाली नाही याची लाज वाटते. लंडनमध्ये राहून हे बोलायला काय जातं?

बडोदेकर:

कोकणकडा, तुमचं हे "आयरिश कसा" वाचून माझं रक्त तापलं, स्पष्टच सांगतो.

माझ्या घराण्याला बडोद्यात किती पिढ्या झाल्या ते आजोबांनाही नीट सांगता यायचं नाही. गायकवाडांच्या काळातले आम्ही. घरात मराठी, देवघरात मराठी, भांडणं मराठीत. २०१८ चं साहित्य संमेलन आमच्या बडोद्यात भरलं तेव्हा आम्ही घरचं कार्य असल्यासारखे राबलो. आणि बाहेरून आलेल्या एका बाई माझ्या आईला म्हणाल्या, "गुजराती असून किती छान बोलता हो मराठी!" आई हसली. घरी आल्यावर मात्र कितीतरी वेळ गप्प बसून होती. तुमच्यासारख्यांना हे कधी कळायचं नाही, कारण तुम्हाला कुणी दाखला मागत नाही.

जो गावात राहतो त्याला गाव गावं लागत नाही. जो बाहेर आहे त्यालाच ते जपावं लागतं. शेनच्या आईचं माहेर टिपररीत, नीना गावाजवळ. लहानपणाची पहिली वर्षं त्या शेतघरात गेली, पुढे सुट्ट्या तिथेच. मग लंडन. ही उसनवारी?

कोकणकडा:

बडोद्याचा काय संबंध? तुम्ही मराठी बोलता, प्रश्न मिटला. शेन आयरिश भाषेत लिहायचा का? सगळं इंग्रजीत. तुलना तुम्हीच चुकीची केलीत आणि रक्तही तुमचंच तापलं.

लिफीकाठ:

मी डब्लिनमध्ये राहते, म्हणून मध्ये पडते. कोकणकडा, इथे बहुतेक घरांत इंग्रजीच बोलतात. तुमची कसोटी लावली तर अर्धंअधिक आयर्लंड बाद होईल.

आणि लंडनमध्ये राहून बोलायला काय जातं म्हणता? सांगते काय जात होतं. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं मेली. सहा आयरिश माणसांना १९७५ मध्ये जन्मठेप झाली, ते निर्दोष असताना. दहशतवादविरोधी कायद्याखाली केवळ नाव आणि उच्चार आयरिश म्हणून लोकांना उचलत होते. शेन तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, आडनाव मॅकगोवन. केंटमध्ये जन्मला म्हणून त्याला कुणी इंग्रज समजत नव्हतं. १९८८ मध्ये त्याने त्या सहा जणांवर गाणं केलं, निर्दोष आहेत असं उघड म्हटलं, तर ब्रिटनच्या प्रसारण प्राधिकरणाने ते वाजवायलाच बंदी केली. १९९१ मध्ये न्यायालयाने सहाही जणांना सोडलं. गाणं बरोबर ठरलं, न्यायालय सोळा वर्षं चुकलेलं होतं. आयआरएबद्दल तो जे बोलला ते मलाही आवडत नाही. इथेही अनेकांना आवडत नाही. ज्यांच्या घरातलं माणूस बॉम्बमध्ये गेलं त्यांच्यासमोर ते वाक्य वाचून दाखवायची माझी हिंमत होणार नाही.

हेही खरं की सुरुवातीला इथल्या पारंपरिक वादकांना पोग्ज अजिबात खपत नव्हते. आपल्या संगीताची विटंबना करतात, दारुडा आयरिश माणूस हे इंग्रजांनी काढलेलं व्यंगचित्र हे स्वतःच नाचवतात, असा त्यांचा आक्षेप. बेभान, हा आक्षेप तुमच्या पोस्टलाही लागू आहे. इथले लोक त्या चित्राला वैतागलेले असतात. सेंट पॅट्रिक डेला हिरव्या टोप्या घालून प्यायला येणारे पर्यटक म्हणजे आयर्लंड, असं जगाने धरून ठेवलंय.

८ डिसेंबरला अंत्ययात्रा निघाली तेव्हा मी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन रस्त्यावर उभी होते. घोडागाडीत शवपेटी, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. माझ्या शेजारी एक साठीतले गृहस्थ होते, तरुणपणी लंडनला बांधकामावर होते म्हणाले. गाडी समोर आली तसं त्यांनी 'डर्टी ओल्ड टाउन' सुरू केलं. गाणं मुळात इवन मॅकॉलचं, कर्स्टीच्या वडिलांचं, तेही इंग्लंडमधल्या सॅलफर्डवरचं. पण त्या क्षणी ते कुणाचं हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. सगळा रस्ता म्हणत होता. हातात ग्लास कुणाच्याच नव्हता, बेभान.

वसईवाला:

नीनाच्या चर्चमधली त्याच्या अंत्यविधीची मिस्सा मी संगणकावर पूर्ण पाहिली. गायक निक केव्हने शेनचं 'अ रेनी नाइट इन सोहो' गायलं, तिथपर्यंत ठीक. पण ग्लेन हॅन्सर्ड आणि लिसा ओ'नील हे आयरिश गायक 'फेअरीटेल' गायला लागले आणि व्हिक्टोरिया उठून शवपेटीजवळ नाचायला लागली, बाकीचेही उठले, तेव्हा मला कसंतरी झालं. आमच्या पॅरिशमध्ये अंत्यविधीला वेदीसमोर कुणी नाचलं असतं तर फादरांनी मिस्सा थांबवली असती. माझी आई शेजारी बसून बघत होती. ती म्हणाली, "नाचू दे रे, ती नवऱ्याला पोचवतेय." मला अजून पटलेलं नाही. पण पुन्हा पाहिलं हे खरं.

डफतुणतुणं:

सगळ्यांचं वाचलं. आता माझं ऐका.

इथे टिपररीतल्या माणसासाठी डोळे पुसणं चाललंय. १५ मे २००४ ला लोककवी वामनदादा कर्डक गेले, तेव्हा यातल्या किती जणांनी ओळभर लिहिलं? हजारो गाणी लिहिली त्या माणसाने, गावोगाव पायी फिरून गायली, आज खेड्यापाड्यात १४ एप्रिलला जी गाणी वाजतात त्यातली कितीतरी त्यांची. शाहीर विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळून गेले. शाहीर विलास घोगरेंनी १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरमधल्या गोळीबारानंतर जीव दिला. त्यांच्यावर धागे निघाले? उपेक्षितांचं, फुटपाथवरच्यांचं गाणं ऐकायला तुम्हाला लंडनपर्यंत जावं लागतं, कारण घाटकोपर तुमच्या रस्त्यात लागत नाही. इंग्रजीत म्हटलं की गटार रोमँटिक होतं.

रानजाई:

डफतुणतुणं, वामनदादांवर लिहायचं राहिलं हा ठपका मी घेईन. शेनसाठी रडू नका, हे मात्र ऐकणार नाही. एकासाठी रडलं की दुसऱ्याच्या वाट्याचं कमी होतं असं नसतं. आणि वामनदादांचं ऐकून मोठी झालेली माणसंच शेनला पटकन ओळखतील असं मला वाटतं. जुनी, सगळ्यांच्या ओठांवरची चाल घ्यायची आणि त्यात आजचं दुखणं भरायचं, हे दोघांनी केलं. 'अ पेअर ऑफ ब्राउन आइज' ची चाल ऐका, 'वाइल्ड माउंटन टाइम' या जुन्या गाण्याची आहे. त्यावर त्याने बसवलाय पबमध्ये बसलेला एक म्हातारा सैनिक, रणांगणावर माणसांचे तुकडे पाहून आलेला, आणि त्याचं ऐकायचा कंटाळा आलेला एक तरुण. शेवटाकडे तो तरुणच त्या म्हाताऱ्यासारखा होत जातो. हे मुद्दाम रचलेलं आहे, कुणाला कुठे बोलू द्यायचं हे मोजून.

डफतुणतुणं:

तुलना करायचीच तर पूर्ण करा. वामनदादांनी ते चळवळीसाठी केलं. तुमच्या शेनच्या मागे रेकॉर्ड कंपनी होती. असो. धागा काढा, मग बोलू. मी वाट बघतोय.

कोकणकडा:

माझा प्रश्न अजून तसाच आहे. रस्त्यावर गर्दी जमली म्हणून जन्मस्थान बदलत नाही.

बडोदेकर:

बदलत नाही ना? मग हे सांगा. २०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा "मालवणचा सुपुत्र" म्हणून कोण नाचत होतं? तुम्हीच. जुने धागे उघडून बघा, मी आत्ताच बघून आलो. वराडकरांचा जन्म १९७९ चा, डब्लिनमधला. आई आयरिश, शिक्षण डब्लिनमध्ये, मराठीचा गंध नाही. वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१९ च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा गावात आले तर तुम्ही "मातीची ओढ" म्हणून तीन परिच्छेद लिहिले होतेत. वडिलांच्या गावावरून डब्लिनचा माणूस मालवणी होतो, आणि ज्याचे आईबाप दोघेही आयरिश, लहानपण टिपररीत गेलं, तो मात्र केंटचा?

कोकणकडा:

वराडकर वेगळे. ते आमचे आहेत असं आम्ही म्हणतो, ते स्वतः म्हणत नाहीत. त्यांनी मालवणी गाणी लिहून पैसे कमावले नाहीत. आपलं म्हणून कौतुक करणं वेगळं आणि दुसऱ्याचं दुःख विकणं वेगळं. आणि तुम्ही माझे सहा वर्षांपूर्वीचे धागे उकरत बसलात यावरूनच कळतं.

लिफीकाठ:

वराडकर इथे कुणाला मालवणी वाटत नाहीत आणि परके तर अजिबात नाहीत, एवढं सांगते. शेन गेला तेव्हा पंतप्रधान म्हणून त्यांनीही श्रद्धांजली वाहिली. एकाचा बाप मुंबईचा, दुसऱ्याचा जन्म केंटचा, आणि या देशाने दोघांना आपलं म्हटलं. माझी मुलगी इथेच जन्मली. शाळेत तिला विचारतात तू कुठली, आणि दर उन्हाळ्यात सांगलीतही विचारतात तू कुठली. कोकणकडा, तिने उद्या कृष्णाकाठावर गाणं लिहिलं तर तुम्ही तिला उसनवारी म्हणणार आहात का? मला उत्तर हवंय.

कोकणकडा:

लहान मुलांना मध्ये आणू नका. चांगलं लिहिलं तर म्हणणार नाही.

बडोदेकर:

म्हणजे जन्मस्थानाचा प्रश्न नव्हताच, चांगलं लिहिण्याचा होता. हे पहिल्याच प्रतिसादात बोलला असतात तर सगळ्यांचा वेळ वाचला असता.

बेभान:

आयर्लंड-मालवण-बडोदे त्रिकोणातून वेळ मिळाला तर मूळ विषयावर येतो.

रानजाई ताई, १९९७ नंतरचा हिशोब मला खोडता आला नाही. गेले दोन दिवस शोधतोय, तुटक ध्वनिमुद्रणं आणि पाहुणा म्हणून गायलेली गाणी सोडून हाती काही लागत नाही. ठीक आहे, दारू गाणी लिहीत नाही. पण तुम्हीही एक मान्य करा. १९९४ च्या 'द स्नेक' मध्ये 'द साँग विथ नो नेम' आहे. काढून टाकल्यानंतरचं, भरपूर पिण्याच्या काळातलं. ते कुठल्याही मापाने पहिल्या प्रतीचं आहे. तुमची सनावळी १९८८ ला रेघ मारून मोकळी होते, ते चूक. आणि ग्लासाचं म्हणाल तर लिफीकाठ यांनी लिहिलेलं वाचून मी ती शेवटची ओळ पोस्टमधून काढलीय. नर्मदाताईंसाठी काढलीय, रानजाईंसाठी नाही.

नर्मदा:

काढली, बरं केलंत. पण पोस्टचा मथळा अजून "राजासारखा जगला" असाच आहे. तोही बघा.

रानजाई:

'द साँग विथ नो नेम' सुंदर आहे, यात वाद नाही. पण तेवढ्याने माझं म्हणणं पडत नाही, उलट वाढतं. १९९४ मध्ये, त्या अवस्थेतही, तो असं लिहू शकत होता. म्हणजे हात शाबूत होता. मग पुढे काय काय आलं असतं याचा विचार करा. सव्वीस वर्षं म्हणतेय ती याच हिशोबाने.

लिफीकाठ, बँडने 'फेअरीटेल' पुन्हा काढलंय आणि पैसे बेघरांना जाणार आहेत असं वाचलं. खरं का?

लिफीकाठ:

खरं. डब्लिन सायमन कम्युनिटी म्हणून बेघरांसाठी काम करणारी संस्था आहे, तिच्यासाठी छोटी रेकॉर्ड काढलीय, अंत्ययात्रेच्या दोन दिवस आधी. नाताळच्या रात्री नशेतल्या लोकांच्या कोठडीत पडलेल्या माणसापासून ते गाणं सुरू होतं, त्यामुळे पैसा योग्य ठिकाणी चाललाय. इथल्या दुकानांत संपत आलीय. कुणाला हवी असेल तर आजच सांगा, फेब्रुवारीत सांगलीला येतेय तेव्हा आणेन.

डफतुणतुणं:

एक मला. आणि वामनदादांचा धागा अजून निघालेला नाही, रानजाई.

बडोदेकर:

मलाही एक. कोकणकडांचीही लिहून ठेवा, ते स्वतःहून मागणार नाहीत.

कोकणकडा:

मी मागतोय. पैसे आधी पाठवतो. शेन आयरिश होता हे मात्र मी तुमच्यामुळे मान्य करत नाहीये बडोदेकर, त्या सहा जणांवरच्या गाण्यामुळे करतोय. वराडकर मालवणीच.